साधनाताईंच्या कानावरून

मी एक जुना हेडफोन आहे. माझ्या डाव्या बाजूला चिकटपट्टी आहे, उजव्या कानाचा फोम गळून गेला आहे आणि मित्रांनो, मी रागावलेला आहे. वस्तूंना राग येत नाही, असे तुम्हाला शिकवले असेल. मी जे ऐकले ते तुम्ही ऐकले असते, तर तुम्हीही रागावला असता.

माझे भाग कुठल्या कारखान्यात जोडले गेले ते मला आठवत नाही. माझे खरे आयुष्य पिंपरी कॅम्पातल्या दुकानात सुरू झाले. तिथे साधनाताईंनी मला कानावर लावले, हळू आवाजात "एक, दोन, तीन" म्हटले आणि विकत घेतले. दिवसा त्या भोसरीतल्या एका वर्कशॉपचे हिशेब आणि कर सांभाळतात. आयकराचे रिटर्न भरायच्या हंगामात, संध्याकाळी, ताथवड्याच्या घरातूनच एका ऑनलाइन कंपनीसाठी जोडकाम करत. लोक फोनवर आपली मिळकत सांगत, ताई त्यांचे रिटर्न तयार करत.

"कुणाशी बोलतेस गं भिंतीकडे बघून?" त्यांच्या सासूबाई सुमनताई पहिल्या वर्षी विचारायच्या. "घरीच आहेस तर कुकर बघ जरा."

"आई, मी कामावर आहे."

"कामावर म्हणे! मग पायात चप्पल तरी घाल."

पुढे मात्र त्याच सुमनताई खोलीचे दार हळूच लोटून घेऊ लागल्या. फोन ठेवताना लोक ताईंना दुवा देत आणि तो आधी माझ्या कानी पडे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग मिनल आली. ती कंपनीची नवी टीम लीडर. चालू कॉल मधूनच ऐकायची आणि ग्राहकाला कळू न देता फक्त ताईंच्या कानात टोचून बोलायची. तो विखार माझ्यातूनच वाहायचा. मला तो थांबवता येत नव्हता.

गेल्या हंगामात रोहिदासचा फोन आला. तो चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर काम करतो.

"ताई, घरभाडं दाखवा आणि कापलेल्या कराचा रिफंड काढून द्या. आमच्या लाइनवरच्या सगळ्यांनी भोसरीतल्या नानासाहेबांची खोली दाखवलीय."

"सगळ्यांनी म्हणजे किती?"

"माझ्यासकट अकरा."

"एका खोलीत अकरा जण राहता?"

"माणसं कुठं राहतात ताई? पावत्या राहतात!" रोहिदास हसला.

ताई हसल्या नाहीत. "एकाच घरमालकाच्या नावावर अकरा पावत्या आयकर खात्याचा कॉम्प्युटर लगेच पकडतो. नोटीस तुमच्या नावाने येईल. तुम्ही राहता कुठे?"

"मोशीला. स्वतःचं घर आहे. कर्जावर घेतलंय."

"मग त्या कर्जाच्या व्याजावर सूट मागितलीत का?"

रोहिदासचा आवाज उतरला. "ते कुणी सांगितलंच नाही. सगळे भाड्याचंच बोलतात."

खरी सूट त्याच्या घरात होती आणि तो दुसऱ्याच्या खोलीतली खोटी मागत होता, कारण लाइनवर सगळे तेच करत होते.

"बँकेकडून व्याजाचा दाखला आणा. मग भरू."

तेवढ्यात मिनल कानात फिसकारली. "मॅडम, भाडं टाका आणि सोडा. दाखल्याला पाठवलं की ग्राहक पळतो."

"नाही टाकणार," ताई म्हणाल्या.

रोहिदास गोंधळला. "काय नाही टाकणार?"

"खोटं भाडं. तुम्ही दाखला घेऊन फोन करा."

"उद्या शिफ्ट सुटली की करतो. तुम्हीच असाल ना?"

"मीच असेन."

दुसऱ्या दिवशी कंपनीने ताईंना ऑनलाइन आत येऊच दिले नाही. पासवर्ड बंद. त्यांनी मिनलला फोन लावला.

"रोहिदासची फाइल दुसऱ्याने भरली, भाडं टाकून," मिनल म्हणाली. "ग्राहक खूश आहे. तुमचा हंगाम संपला."

"त्यांचा नंबर द्या. रिटर्न दुरुस्त करता येतं."

"ग्राहकाचा नंबर देत नाही आम्ही."

ताईंनी मला कानावरून काढून टेबलावर आपटले. तेव्हाच माझी डावी बाजू तडकली. त्या शांत बाईचा राग मी पहिल्यांदा पाहिला आणि मला त्याचे जराही वाईट वाटले नाही.

दुपारच्या सुट्टीत ताई भोसरीत विचारत विचारत नानासाहेबांपर्यंत पोहोचल्या. त्यांच्याकडून रोहिदासचा नंबर मिळाला. रविवारी रोहिदास दाखला घेऊन ताथवड्याला आला.

"तुम्हीच भरलं असं वाटलं मला," तो खाली मान घालून म्हणाला. "म्हणून तर पाच स्टार दिले."

सुमनताईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला. "चहा घे आधी. स्टार कसले देतोस, फोनवर माणूस कोण आहे ते तरी विचारायचं होतंस."

ताईंनी त्याचे रिटर्न दुरुस्त केले. बाकीच्या दहा जणांनाही त्याने बोलावले होते. ते त्याला हसले. नंतर त्यांना नोटिसा आल्या. त्यांचीही रिटर्न त्याच कंपनीने भरली होती; आता ते तिला फोन लावतात तेव्हा पलीकडे नुसते संगीत वाजते. मिनलला नोटीस आली नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मला चिकटपट्टी पुरते. पण तुमच्या घरी कोणी रिटर्न भरायला बसेल, तेव्हा शेजारी बसा आणि विचारा, "यातले खरे काय आहे?" ओरडा बसेल. तरी विचारा. कारण नोटीस आल्यावर "सगळ्यांनीच केले" असे सांगून सुटका होत नाही. नोटिशीवर सगळ्यांचे नाव नसते. तुमच्या बाबांचे असते.