एक दिवस आणि बत्तीस मिनिटं

बाबा एकटे राहायचे, म्हणून त्यांच्या गोळ्यांच्या डबीला मी सेन्सर बसवला होता. झाकण उघडलं की वेळ नोंदली जाई. रोज सकाळी आठला माझा पायथनमधला प्रोग्राम चालू वेळेतून शेवटची नोंद वजा करी. फरक तासाहून जास्त निघाला तर मला निरोप, नाहीतर हिरवी खूण. चाचणीसाठी डबी तीन तास बंद ठेवली, तेव्हा निरोप बिनचूक आला.

"आता रोज फोन करून हजेरी घेऊ नकोस माझी," बाबा म्हणाले. मी सकाळचा फोन बंद केला.

गोळी सकाळी सात अठ्ठावीसला म्हणजे अठ्ठावीसलाच, असा त्यांचा खाक्या.

सोमवारी संध्याकाळी ते स्वयंपाकघरात पडले. मंगळवारी हिरवी खूण आली, बुधवारीही. बुधवारी दुपारी शेजारच्या काकूंनी दाराचं कुलूप तोडून घेतलं. डॉक्टर म्हणाले, बुधवारी पहाटेपर्यंत जीव होता.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दादा सांगत होता, ऐनवेळी मशीनने दगा दिला. आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणायची, पोरीने बापासाठी काय कमी केलं?

चौथ्या दिवशी मी प्रोग्राम उघडला. पायथन कालावधी तुकड्यांत ठेवतो: पूर्ण दिवस वेगळे, वर उरलेले सेकंद वेगळे. एकूण सेकंद हवे असतील तर तसं सांगून मागावे लागतात. मी नुसते सेकंद मागितले होते. सोमवारी सात अठ्ठावीस ते मंगळवारी आठ, या एक दिवस आणि बत्तीस मिनिटांतला दिवस गळला, बत्तीस मिनिटं उरली. सोमवारी बाबांनी गोळी उशिरा, नऊला घेतली असती, तर फरक तेवीस तासांचा निघून मंगळवारी निरोप आला असता.

दादा गॅलरीत बाबांचे कपडे घडी करत होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याला कोड कळत नाही, त्याने एवढंच विचारलं, "मशीन चालू होतं?"

"हो. चूक माझी होती. एका शब्दाची."

"म्हणजे मंगळवारीच कळलं असतं?"

"आठ वाजता."

त्याने हातातला शर्ट घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला.

"आत्याला सांगू नकोस," तो म्हणाला. मग तो आत गेला. संध्याकाळी कोणीतरी भेटायला आलं, तेव्हा बाबा कसे गेले ते या वेळी दादाऐवजी आत्याने सांगितलं. मशीनचं नाव निघालं, तसा दादा पाणी आणायला उठला.