इस्मत न्हाव्याची लेक

"गाल फुगव. अगं फुगव म्हणतो ना! तोंडात अख्खी जर्दाळू धरल्यागत."

फळीपलीकडून इस्मतचा आवाज आला आणि माझा हात धारेच्या दगडावरच थांबला. बाजार अजून उठला नव्हता. नानवाल्याची भट्टी तेवढी धुमसत होती. आमच्या इस्तरावशनमध्ये इतक्या पहाटे दाढीला कोण बसतं? एक तर नवरदेव, नाहीतर राजधानीला, दुशान्बेला निघालेला सरकारी माणूस. आणि या दोघांना कुणी 'अगं' म्हणत नाही.

माझं दुकान सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचं, इस्मतचं न्हाव्याचं. मध्ये एकच फळी. फळीला भोक नाही, पण आवाजाला भोक लागत नाही.

मी बाहेर आलो. त्याचं शटर गुडघ्याएवढं वर होतं. वाकून बघितलं तर खुर्चीत त्याची लेक शहलो. गळ्याला पांढरं फडकं, तोंडभर फेस, हातात वस्तरा. इस्मत मागं उभा, दोन्ही हात पाठीशी बांधलेले, परीक्षा घेणारा मास्तर उभा राहावा तसा.

"बघितलंस?" तो माझ्याकडं न बघताच म्हणाला. "आता आत ये, नाहीतर जा. वाकून राहू नकोस. वारा शिरतोय, फेस सुकतो."

मी आत गेलो आणि शटर खाली ओढलं.

"रजबकाका, कुणाला सांगाल?" शहलो फेसातून बोलली.

"काय सांगू? इस्मतला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून घरच्या पोरीची हजामत करतो?"

"मी कुठं करतोय?" इस्मत म्हणाला. "तीच करतेय. माझे हात मागं आहेत, दिसत नाही? आणि वस्तरा ओढतोय. काल धार तूच लावलीस ना?"

"धार माझी आहे. हात तिचा आहे."

पोरगी हसली. इस्मत खेकसला, "हसायचं नाही! वस्तरा हातात असला की हसायचं नाही, शिंकायचं नाही, कुणी मेलं म्हणून सांगत आलं तरी आधी वस्तरा खाली ठेवायचा."

आता ही गोष्ट अशी. शहलोला चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून ओठावर केस यायला लागले. ओठावर आमच्याकडं कुणाला येत नाहीत? पण हिचे खाली हनुवटीवर उतरले, मग गालांच्या कडेनं. दवाखान्यातल्या बाईनं गोळ्या दिल्या. गोळ्यांनी पोट दुखलं, केस तसेच. आणि आमच्यात कुमारिकेच्या तोंडावरच्या केसांना हात लावत नाहीत. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका जमतात, दोरा घेतात, नवरीचं तोंड पहिल्यांदा साफ करतात. त्याआधी केलं तर लोक विचारतात, कुणासाठी केलंस गं? त्यामुळं तिची आई होजर एकच म्हणायची, लग्नापर्यंत थांब. आणि बघायला येणाऱ्या बायका चहा प्यायच्या, पोरीकडं एकदा बघायच्या, मग बाहेरच्या तुतीच्या झाडाची चौकशी करायच्या आणि निघून जायच्या. लग्न झाल्याशिवाय केस जाणार नाहीत, केस गेल्याशिवाय लग्न होणार नाही. विहिरीत पडलेल्याला म्हणायचं, आधी वर ये, मग दोर देतो.

पोरीनं शाळा सोडली. दात दुखतो म्हणून नाकापर्यंत रुमाल बांधायला लागली. वर्षभर कुणाचा दात दुखतो? मग एक दिवस गोठ्यात जाऊन बापाचं जुनं पातं कोरड्या तोंडावर ओढलं. इस्मत घरी आला तेव्हा ती गायीच्या आडोशाला बसलेली, ओढणी लाल झालेली. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन पहाटे दुकानात आला.

पण लगेच तोंडाला हात लावू दिला नाही. बिहीच्या फळांचे दिवस होते. दुकानात बिहीची टोपली आणून ठेवली. पिवळ्याधम्मक बिहीवर ती राखाडी लव असते ना, ती वस्तऱ्यानं काढायची. आधी ब्रश भिजवायचा, चहाच्या पेल्यात साबण घोटायचा, फेस बिहीला लावायचा, मग वस्तरा. सालीवर ओरखडा दिसला की ते फळ बाजूला.

"फळाला कळता कामा नये," इस्मत म्हणायचा. "दाबायचं नाही. वस्तऱ्याला स्वतःचं वजन आहे. तू फक्त त्याला वाट दाखव."

त्या हिवाळ्यात आम्ही दोन्ही घरांनी ओरखडे पडलेल्या बिहींचा एवढा मुरांबा खाल्ला की माझी बायको म्हणाली, इस्मतनं फळांचं दुकान काढलंय का?

मी एकदा त्याला विचारलं, "तूच का नाही करून देत? दोन मिनिटांचं काम."

"गावातल्या सगळ्या गळ्यांवर वस्तरा फिरवलाय मी," तो म्हणाला. "हिच्या गालाजवळ नेला की मिटून ठेवावासा वाटतो. आणि मी किती दिवस पुरणार?"

होजरवहिनीला कळायचं ते कळलंच. एका पहाटे शटरवर दोन्ही हातांनी थापा. आत आली ती थेट नवऱ्यावर.

"पोरीच्या गालाला वस्तरा! अक्कल गहाण टाकलीस का? राठ येतील आता, दाट येतील, मेंढीगत!"

"सगळी हयात दाढ्या करतोय," इस्मत शांतपणे पट्ट्यावर वस्तरा घासत राहिला. "दाढी दाट होत नाही, बाई. माणूसच म्हातारा होतो."

"आणि लोकांना कळलं तर?"

"तू अशीच ओरड. कळेल."

वहिनीनं तोंडावर हात घेतला. मग पोरीकडं वळली. शहलोचा एक गाल झालेला होता, एक बाकी होता. वहिनीनं झालेल्या गालावर उलटा हात फिरवला. पुन्हा फिरवला. स्टुलावर बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "पाणी कोमट आहे. एवढ्यानं केस काय मऊ होणार?" आणि किटली उचलून चुलीकडं गेली. त्या दिवसापासून गरम पाणी तिचं. तुरटीचा खडाही तीच फिरवायची, लेकीच्या तोंडावर फुंकर मारत.

पहिल्यांदा दोन्ही गाल आणि हनुवटी एकही ओरखडा न येता झाली, त्या दिवशीची गंमत सांगतो. इस्मतनं नेहमीसारखं फडकं झटकलं, अत्तराचे दोन थेंब तळहातावर घेतले आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचा तेच सवयीनं म्हणाला, "मुबारक! जा, नवरदेव झालास!"

वहिनीच्या हातात किटली तशीच. इस्मतचं तोंड पडलं. आणि मग शहलो अशी हसली, खुर्चीत दुमडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, की आम्हीही हसलो. रुमाल न बांधलेलं तिचं हसणं मी कितीतरी दिवसांनी बघितलं. एक दात थोडा वाकडा आहे तिचा. विसरलोच होतो.

पुढं ती बालवाडीत कामाला लागली. पोरं तिच्या मांडीवर चढून गालाला गाल लावायची, कुणाला काही कळायचं नाही. रोज पहाटे बाप-लेक दुकानात यायचे, उजाडायच्या आत ती घरी. मग पंजकेंतहून एक स्थळ आलं. मुलगा ट्रक चालवायचा, आई कडक पण नीटनेटकी. रिवाजाप्रमाणं नान मोडून सोयरीक ठरली. दोन्हीकडून भेटींची ताटं गेली, कापडं गेली. केसांचं सांगायचं की नाही, यावर इस्मत आणि वहिनी भांडले. वहिनी म्हणाली, लग्नानंतर बघू. इस्मत म्हणाला, पोरीला विचार. पोरगी म्हणाली, मीच त्याला सांगेन, शरद ऋतूत, लग्नाआधी.

शरद यायच्या आधीच इस्मत गेला. दुकानात, कामावर. जुन्या गिऱ्हाइकाची, हाजी सोदिकची दाढी करत होता. एक गाल झाला, दुसऱ्याला फेस लावला, आणि वस्तरा नीट आरशाखालच्या फळीवर ठेवून स्वतः जमिनीवर बसला. हाजी म्हणाला, काय रे, थकलास? मी फळीपलीकडून धावलो तोवर संपलं होतं.

आमच्याकडं बाप गेला की मुलगे कमरेला पट्टा बांधून, हातात काठी घेऊन दाराशी उभे राहतात आणि चाळिसाव्या दिवसापर्यंत दाढी करत नाहीत. बघणाऱ्याला लांबूनच कळतं, याच्या घरी माणूस गेलाय. इस्मतला मुलगा नाही. धाकटा भाऊ नजरुल्लो दाराशी उभा राहिला. पण तो रशियातून आलेला, आठवड्यात परत जायचं होतं. कारखान्यात दाढीवाला चालत नाही म्हणून तिसऱ्याच दिवशी गुळगुळीत होऊन आला.

त्याच दिवशी बायकोनं मला घरी येऊन सांगितलं. शहलोनं दाढी केली नव्हती. पाणी गरम करून वहिनीनं समोर ठेवलं होतं, ते गार झालं.

"वहिनी रडून रडून सांगत होती," बायको म्हणाली. "पंजकेंतहून बायका येणार आहेत भेटायला, निदान आजच्या दिवस कर. तर पोरगी म्हणते, मुलगा असता तर त्याला म्हणाली असतीस का?"

बायका आल्या. शहलो आईच्या शेजारी बसली होती, दुखवट्याच्या निळ्या कपड्यांत, डोक्यावर रुमाल, तोंड उघडं. हनुवटी काळी झालेली. होणारी सासू दारात थबकली. दुवा म्हटली, बसली, पुन्हा बघितलं.

"ही तीच का, तुमची मुलगी?" तिनं विचारलं.

माझी बायको तिथंच होती. ती म्हणते, तिला वाटलं वहिनी आता काहीतरी बहाणा करणार, आजार म्हणणार, नजर लागली म्हणणार. वहिनी म्हणाली, "तीच. बापाचा दुखवटा धरलाय तिनं. आमच्या घरात दुसरं कुणी नाही."

सासू उठली. पुढच्या आठवड्यात ताटं परत आली, वर आमचीच कापडं घडी करून ठेवलेली. एक धागा कमी नाही, एक सुई कमी नाही, सगळं व्यवस्थित परत. मुलगा आला नाही. फोन आला की नाही, ते मला माहीत नाही.

गावाला तर आता कळलंच होतं. बाजारात कुणी हसलं, कुणी तोबा म्हटलं. मी एकाची सुरी बोथटच परत दिली.

मग गुरुवार आला. दुखवट्याच्या गुरुवारी पुरुष येतात, कुराण वाचतात, जेवतात. जेवणाआधी हातावर पाणी घालायचं काम घरच्या मुलाचं. नजरुल्लो परत गेला होता. मी झारी उचलायला वाकलो, तर ती आधीच उचललेली होती. शहलोच्या हातात झारी, खांद्यावर पंचा, दुसऱ्या हातात हात धुवायचं तस्त.

"आत जा पोरी," कुणीतरी मागून म्हणालं. "आम्ही घेऊ हातावर."

ती गेली नाही. रांगेत पहिला हाजी सोदिक होता. त्याच्या एका गालावर पांढरी दाढी चांगली वाढलेली, दुसऱ्यावर नुसते खुंट. बाजारात दुसरे न्हावी काय कमी आहेत? पण तो म्हणे, इस्मतनं हात लावलेलं काम मी दुसऱ्याकडं नेणार नाही. नातवंडं त्याला घरात हसत होती.

हाजीनं दोन्ही हात पुढं केले. तिनं पाणी सोडलं. त्यानं सावकाश बोटं चोळली, मान वर केली आणि तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. तिनंही त्याच्याकडं बघितलं.

"माझं कसं दिसतंय?" हाजीनं विचारलं.

"वाईट दिसतंय, हाजीबाबा."

"तुझंही."

त्यानं पंच्याला हात पुसले, दुवा म्हणत दोन्ही तळवे तोंडावरून खाली फिरवले आणि आत जाऊन बसला. मागच्या माणसानं बाह्या वर केल्या. तिनं झारी पुन्हा कलती केली.