बोक्याला कुणी झोपवायचं

मुलाचं नाव बोक्या मीच पाडलं. त्याला दुसरा उद्योगच नव्हता. प्यायचं, डुलकी काढायची, उठून पुन्हा प्यायचं. संध्याकाळी तर घटकेघटकेला. झोपही यायची ती माझ्या अंगावर पितापिताच. तोंडातून सुटलं की डोळे टक्क उघडे. पोरानं माझ्या नाकी नऊ आणले होते. "कधी एकदाची ही सवय सुटतेय!" असं मी उठता-बसता म्हणायचे. माझ्या जिभेला हाड नाही, हे सासरी-माहेरी सगळ्यांना ठाऊक आहे.

मग लाँड्रीतलं माझं काम पुन्हा सुरू झालं. डाग काढण्यात तिथे माझा हात धरणारं कुणी नाही. पण गिऱ्हाइकं कपडे न्यायला येतात ती ऑफिसं सुटल्यावर, म्हणजे नेमकी बोक्याच्या झोपेच्या वेळी. दिवसा सासूबाई मी काढून ठेवलेलं दूध त्याला वाटी-चमच्यानं पाजायच्या. झोपवायचं काम नवऱ्याकडे आलं. तो दुकानांच्या पाट्या रंगवतो आणि उजेड कमी झाला की घरी येतो. सुरुवातीला मी जिन्यात पाऊल टाकलं की वरून रडणं ऐकू यायचं. मी चपलांसकट आत धावायचे.

एके दिवशी मात्र जिन्यात काहीच ऐकू येईना.

"झोपला!" नवऱ्यानं दारातच सांगितलं. छाती अशी फुगलेली, जणू गड सर करून आलाय.

"आता उचलू नकोस हं," सासूबाई म्हणाल्या. "झोपमोड होईल."

"सुटले बाई एकदाची," मी म्हणाले खरं. छाती दुधानं ठणकत होती, ब्लाउज भिजला होता, आणि पिणारे साहेब भिंतीकडे तोंड करून गाढ झोपले होते.

पुढे रोज तेच. दिवसभर मी लोकांच्या कॉलरी घासायचे आणि मनात एकच घोकायचे, आज तरी जागा असू दे. आईनं असं मागावं का? पण मी मागायचे. पिऊन पेंगायला लागला की त्याचा हात माझ्या गळ्यापाशी यायचा आणि हळूच सैल पडायचा. मला तो हात हवा होता.

"कसं झोपवतोस रे त्याला?" मी नवऱ्याला विचारलं.

"जमतं आपलं."

"मला दाखव की."

"दार लावून घ्यावं लागतं. कुणी बघितलं की तो बिचकतो."

बिचकला होता हा स्वतःच, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. पोरगं मला विसरलं, एवढंच डोक्यात बसलं होतं. बापाची मांडी मिळाली, आई कशाला हवी!

सुट्टीच्या दिवशी मी सगळा राग कपड्यांवर काढला. चादरी, पडदे, हाताला लागेल ते. नवऱ्याच्या उशीमागे माझाच जुना गाऊन निघाला. चुरगळलेला, आंबट दुधाचा वास मारणारा. लाँड्रीवालीच्या घरात असला बोळा! मी तो भिजवला, घासला, दोनदा खळबळून काढला आणि कडक इस्त्री करून पलंगावर ठेवला. वासाचा मागमूस उरला नाही. माझं मलाच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले, तर खालच्या फाटकापासूनच रडणं ऐकू येत होतं. खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. जिना मी दोन-दोन पायऱ्या गाळत चढले.

खोलीचं दार ढकललं. नवरा बोक्याला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होता. अंगात माझा गाऊन! काखेत उसवलेला, खाली केसाळ पोटऱ्या. सासूबाई खुळखुळा वाजवून घामाघूम झाल्या होत्या.

मला हसू आवरेना. तो मात्र रडकुंडीला आला होता.

"तू हा धुतलास?"

"मग काय त्याची पूजा करू?"

"अगं, त्याला तुझा वास लागतो! त्याशिवाय तो डोळा मिटत नाही. आईनं सुचवलं म्हणून रोज घालायचो. तू हसशील म्हणून बोललो नाही."

माझं हसू तिथेच विरलं. मी बोक्याला घेतलं. तो हपापल्यासारखा लुचायला लागला, मधूनमधून हुंदके देत. मग हात गळ्यापाशी आला आणि सैल पडला. मी कितीतरी वेळ हलले नाही.

माझा वास नसला की तो झोपत नाही, हे मला कळलं होतं. आता नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं. धुतलेला गाऊन कपाटात गेला असता, आणि रोज संध्याकाळी तो माझ्यासाठी जागा राहिला असता. पण जागा म्हणजे रडत, घसा सुकेपर्यंत. रात्रभर मी तोच गाऊन घालून त्याला पाजलं. सकाळी निघताना, दुधाचे डाग तसेच ठेवून, तो नवऱ्याच्या हातात दिला.

"हा धुवायचा नाही," मी बजावलं.

त्या संध्याकाळी जिन्यात मी थांबून कान दिला. काहीही ऐकू आलं नाही.

"झोपला?" मी विचारलं.

"केव्हाच!"

"छान झालं," मी म्हणाले. मग उद्याचं दूध काढून ठेवायला आत गेले, दाराला कडी घातली आणि त्याच्या वाटणीचं रडून घेतलं.