कोणती चैती?

जव्हारच्या आमच्या कार्यालयात रोज सकाळी मी दिवा लावते. ज्या बायांचे दिवस भरत आलेत, त्यांची नावं देवापुढे घेते आणि मगच संगणकाला हात लावते.

माझ्यासोबत काम करणारी हर्षदा हसते. "प्रमिलाताई, नावं ठेवायला सर्व्हर आहे की आपला!"

आहेच. जव्हार-मोखाड्यातल्या गरोदर बायांच्या नोंदी त्यावर आहेत. जीपने आज कुणाला दवाखान्यात आणायचं, ते त्यावरूनच ठरतं. आमचा प्रोग्राम मात्र सर्व्हरशी थेट बोलत नाही. मध्ये आमच्या संगणकवाल्या भावेशने लिहिलेली लायब्ररी, म्हणजे निरोप नेणारा कोड, आहे. ती आधी विचारते, गाव कोणतं? पाडा? नवऱ्याचं नाव? सगळं जुळलं तरच निरोप पुढे नेते.

त्या दिवशी नेट रखडत होतं. खोडाळ्याची चैती बाळंत झाल्याचा फोन आलेला.

"ही लायब्ररी म्हणजे देवाला कौल लावणारा भगतच," हर्षदा वैतागली. "देवाआधी याचेच प्रश्न! मी थेटच बोलते सर्व्हरशी."

तिने सर्व्हरला थेट हुकूम द्यायचा काळा पडदा उघडून एक ओळ लिहिली. नाव चैती असेल, तिथे बाळंत झाली असं लिही. सर्व्हरने काही न विचारता ऐकलं. उत्तर वाचून हर्षदाचा हात तोंडाशी गेला.

"ताई, अकरा नोंदी बदलल्या!"

चैत्रात जन्मली ती चैती. आमच्याकडे पाड्यापाड्यावर एखादी असतेच.

"कालच्या नोंदींची प्रत आहे, पण परत चढवायला दुपार होईल," हर्षदा म्हणाली.

"आणि वांगणीची चैती? तीही आता जीपच्या यादीतून गेली. बाळ आडवं आहे तिचं. आजच आणायची होती."

बाहेर ढवळूदादाने जीप चालू केली होती. मी धावले. "दादा, वांगणीच्या चैतीला आणा."

"कोनची चैती? तिथं तिघीजणी आहत."

आमच्या पाड्यावरचा भगतही कौलाचे दाणे टाकण्याआधी असंच विचारायचा. देवाला ठाऊक नाही का, असं आईने एकदा म्हटलं, तर म्हणाला, "देवाला सगळ्याच ठावं. तुला कोनची पायजे, ते तू सांग."

"पुंजाची सून. वरचा पाडा," मी म्हणाले. सकाळी दिव्यापुढे तिचं नाव असंच घेतलं होतं.

दुपारी जीप परतली. सासूच्या खांद्याला धरून चैती उतरली आणि दवाखान्यात गेली.

हर्षदा प्रत चढवून पुन्हा प्रोग्रामसमोर बसली होती. पडद्यावर प्रश्न आला. तिने मान वळवली.

"ताई, खोडाळ्याची चैती कोणत्या पाड्यावरची हो?"