अम्मीसाठी स्पा

मे महिना लागला की आमच्या घरात गीझर बंद व्हायचा आणि ऑक्टोबरपर्यंत त्याला कोणी हात लावायचं नाही. शारजातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये वाढलेल्या कुणालाही कारण विचारा, शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. पाण्याची टाकी गच्चीवर आणि गच्ची दिवसभर उन्हात. त्यामुळे निळ्या खुणेच्या, म्हणजे थंड पाण्याच्या नळातून चटका बसेल असं पाणी येतं. गीझरची टाकी मात्र घरात, बाथरूमच्या छताच्या वर, एसीच्या गारव्यात असते. ती बंद ठेवली की रात्रभरात तिच्यातलं पाणी निवतं. म्हणून उन्हाळ्यात आम्ही लाल नळाने आंघोळ करायचो, लाल नळाने नमाजाआधी वजू करायचो, आणि गावाहून कोणी आलं की पहिल्याच दिवशी बजावायचो, "उलटं आहे हां! लाल म्हणजे थंड."

माझा भाऊ अर्सलान याच घरात वाढला. हे मुद्दाम आधी सांगते, कारण नंतर तो म्हणाला, "मला कल्पना नव्हती." त्या वाक्याने माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

भाई इंटीरियरची कामं घेतो. लग्नानंतर तो आणि फिरदोसभाभी दुबईत, अल बर्शाला राहायला गेले. तिकडची त्यांची बिल्डिंग नवीन आहे, टाकीला पाणी गार करणारा चिलर आहे, ऑगस्टमध्येसुद्धा थंड नळाला थंड पाणी येतं. शारजात अल मजाजच्या जुन्या फ्लॅटमध्ये मी आणि अम्मी उरलो. मी रसायनशास्त्रात पदवी घेतली आणि पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये लागले. अम्मीला मधुमेह आहे. तिच्या तळपायांची जाणीव जवळजवळ गेली आहे. एकदा तिची एक चप्पल लिफ्टमध्येच राहिली आणि ती एका पायात चप्पल घालून भाजी घेऊन आली, तिला पत्ताच नाही. तेव्हापासून डॉक्टरांची सक्त ताकीद आहे की पाण्यात पाय घालण्याआधी हात घालून बघायचा.

जानेवारीत अम्मी एका लग्नासाठी रत्नागिरीला गेली आणि भाईने घरमालकाची परवानगी काढून आमचं बाथरूम फोडलं. अम्मीला सरप्राइज द्यायचं होतं. काम संपल्यावर त्याने मला दार उघडून दाखवलं. भिंतींना राखाडी दगड, कोपऱ्यात पांढऱ्या गोट्यांचा पट्टा, छतातून पावसासारखा पडणारा शॉवर, मंद पिवळे दिवे, गुंडाळून ठेवलेले टॉवेल. बाकासमोर पाय बुडवून बसायला काळ्या दगडाचं उथळ कुंड. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? मी मान वर करून छत बघितलं.

"टाकी कुठे गेली?"

"खलास! इन्स्टंट हीटर बसवलाय. हा बघ, डिक्शनरीएवढा."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात गरम पाणी लागतं कुणाला?"

"गरम नाही भाई, थंड. थंड कुठून येणार?"

"थंड पाण्याच्या नळातून, सायंटिस्ट मॅडम." भाभी हसली. भाईने माझ्या डोक्यावर टपली मारली. "सगळीकडे लॅब नको बघूस, सफू. व्हाइब बघ."

मी त्याला नीट समजावून सांगितलं. तो "हो हो" करत दिव्यांचा फोटो काढत होता.

अम्मी आली, दारात उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मरियमबीचं बाथरूम!" ती स्वतःचंच नाव घेऊन म्हणाली. "माझ्या अम्मीने जन्मभर विहिरीवर आंघोळ केली." भाईने तिला बाकावर बसवलं, कुंडात कोमट पाणी सोडलं, गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या. जानेवारीत सगळं नीट चाललं. जानेवारीत शारजात काय नीट चालत नाही?

मेच्या दुसऱ्या आठवड्यात नळ तापले. दोन्ही. लाल तापला, निळा तापला, पावसाचा शॉवरही तापला. मी भाईला मेसेज केला. त्याने अंगठा पाठवला. मी फोन केला. "बघतो, इन्शाल्ला." पुन्हा फोन केला तेव्हा म्हणाला, "बिल्डिंगवाल्यांना सांग ना चिलर बसवायला." जणू बिल्डिंगवाले माझ्या सांगण्याची वाट बघत बसले होते! तिसऱ्यांदा त्याने फोन अम्मीला द्यायला लावला, आणि अम्मी म्हणाली, "नाही रे बेटा, छान चाललंय. सफाचं काय, तिला सगळ्याची चिंता."

फोन ठेवल्यावर मी तिला विचारलं.

"छान चाललंय?"

"त्याने एवढ्या हौसेने केलंय."

छान म्हणजे असं चालायचं: रात्री बादल्या भरून अम्मीच्या खोलीत एसीखाली ठेवायच्या, सकाळी त्यातलं पाणी वापरायचं. वजूचं पाणी वेगळ्या तांब्यात. भाई शनिवारी येणार असला की बादल्या अम्मी स्वतः बाल्कनीत नेऊन ठेवायची, कारण बादलीने म्हणे सगळा लुक जातो. पायांना काही कळत नसलेली बाई ओल्या फरशीवरून बादल्या ओढत न्यायची, मुलाचा लुक जाऊ नये म्हणून.

जुलैत भाईने ठरवलं की या बाथरूमचा व्हिडिओ करायचा. त्याच्या कंपनीच्या पेजसाठी. "अम्मीसाठी स्पा," असं नावही ठरलं. मला त्याने सांगितलंच नाही, आणि अम्मीनेही नाही. शनिवारी लॅब अर्धा दिवस असते. मी दुपारी घरी आले तर दारात अनोळखी बूट, पॅसेजमध्ये लाइटचे स्टँड, आणि बाथरूममधून भाईचा आवाज.

"अम्मी, जरा मागे टेक. डोळे मिट. रिलॅक्स! रोनित, वाफ येतेय का फ्रेममध्ये?"

"एकदम मस्त येतेय सर," कॅमेरेवाला म्हणाला.

वाफ हा शब्द ऐकला आणि मी पर्स टाकून आत धावले. अम्मी नवा दुपट्टा डोक्यावर घेऊन बाकावर बसली होती. घोट्यांपर्यंत पाय काळ्या कुंडात. भोवती मेणबत्त्या आणि पाकळ्या. ती हसत होती. मी पाण्यात हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

"पाय बाहेर काढ! अम्मी, पाय काढ!"

"अगं, शॉट..." भाई म्हणाला.

मी रोनितला बाजूला ढकलून अम्मीचे दोन्ही पाय उचलून घेतले. पाण्याच्या रेषेपर्यंत लालभडक. डाव्या पायाच्या कडेला कातडी आधीच सुटल्यासारखी, पांढुरकी झाली होती. अम्मी खाली वाकून असं बघत होती की ते जणू दुसऱ्याच कुणाचे पाय आहेत.

भाजल्यावर काय करायचं हे जगात सगळ्यांना माहीत असतं. वाहत्या गार पाण्याखाली धरायचं. मी निळा नळ सोडला. चटका. लाल सोडला. चटका. बादल्या तर बाल्कनीत, उन्हात. भिंतीत, छतात, एवढे नळ, आणि एकातही माझ्या आईचे पाय धरण्याजोगं पाणी नव्हतं! मी ओरडले, "कूलरची बाटली आणा!" आणि भाई "कुठली?" म्हणून विचारत उभा राहिला. शेवटी मागे उभी असलेली भाभी धावली. प्यायच्या पाण्याची ती मोठी बाटली आम्ही दोघींनी तिरकी धरली आणि हळूहळू अम्मीच्या पायांवर ओतली. मग दुसरी ओतली. गोट्यांवरून पाकळ्या वाहत गेल्या.

"मला कल्पना नव्हती," भाई म्हणाला.

"बोलू नकोस."

"सफू, खरंच मला..."

"या घरात तू वीस उन्हाळे लाल नळाने आंघोळ केलीस! मी तुला जानेवारीत सांगितलं, मेमध्ये सांगितलं, जूनमध्ये सांगितलं. तुला कल्पना नव्हती म्हणजे काय? तू ऐकत नव्हतास. दोन्हीत फरक आहे."

रोनित गुपचूप स्टँड आवरत होता. भाभी गाडी काढायला खाली गेली. मी लॅबच्या बॅगेतला थर्मामीटर काढून कुंडात बुडवला. डॉक्टर विचारतील म्हणून. सेहेचाळीस. इतका वेळ निवल्यावर.

क्लिनिकमध्ये डॉक्टरीण बाईंनी डाव्या पायाला ड्रेसिंग केलं, उजव्याला मलम लावलं. भाजणं वरवरचं दिसतंय, त्या म्हणाल्या, पण मधुमेह्याचा पाय आहे, जखम चिघळली तर बोट कापायची वेळ येऊ शकते. रोज ड्रेसिंग, चालणं बंद. मग त्यांनी विचारलं, "पाण्यात आधी हात घालून बघितलं नाहीत का?"

अम्मीने दुपट्टा सारखा केला. बाई बाहेर गेल्यावर मी विचारलं, "हाताला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं."

"मग?"

"तो म्हणाला, फक्त पाच मिनिटं हसत राहा."

मला तिचा राग आला, त्याचा आला, आणि तिचा राग येतोय याचाही आला. भाई खुर्चीतून उठला. तो रडवेला झाला होता. "अम्मी, मला सांगायचं ना! एक शब्द बोलली असतीस तर..."

आणि मग मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा अम्मीचा आवाज चढलेला ऐकला.

"तुला सांगायचं? ही पोरगी घसा फोडून सांगत होती, ते ऐकलंस? मी बादल्या लपवत होते, तुला वाईट वाटू नये म्हणून. तू एकदा तरी त्या नळाखाली हात धरलास? सहा महिन्यांत एकदा? येतोस, फोटो काढतोस, पाणी न वापरता जातोस!"

"मी उद्याच माणूस पाठवतो अम्मी. थर्मोस्टॅट बसवू, डिजिटल. मोबाइलवर तापमान दिसेल."

"मोबाइलवर सेहेचाळीस दिसेल," मी म्हटलं. "थर्मोस्टॅट गरमात थंड मिसळतो, भाई. थंड आणणार कुठून?"

"तू एक मिनिट गप्प बस ना, सफू."

"ती गप्प नाही बसणार," अम्मी म्हणाली. "आणि तो व्हिडिओ कुठेही टाकायचा नाही. माझा चेहरा आहे त्यात." तिने ड्रेसिंग केलेला पाय स्टुलावर नीट ठेवला. "फिरदोस, तुझ्याकडे थंड पाणी येतं ना?"

"येतं, अम्मी."

"मग मी तुझ्याकडे राहते. पाय बरा होईपर्यंत. आणि हा राहील सफाकडे. त्याच्या स्पामध्ये."

भाईला वाटलं ती चेष्टा करतेय. "अम्मी, माझी कामं सगळी दुबईत. सकाळचा जॅम माहितीये ना?"

"लवकर उठ. हजारो माणसं जातात."

"आणि माझे क्लायंट..."

"आंघोळ करून जा त्यांच्याकडे," अम्मी म्हणाली. एवढंच. भाभीने एकदाही नवऱ्याची बाजू घेतली नाही. व्हीलचेअर तिनेच ढकलली.

रविवारी भाई बॅग घेऊन आला. दिवसभर तो माझ्याशी मोजकंच बोलला, मी त्याच्याशी तेवढंही नाही. संध्याकाळी भाभीचा फोन आला. डाव्या पायाला मोठा फोड आलाय, ताप नाही, अम्मी खिमट खाऊन झोपली. भाईने "कशी आहे?" विचारलं. मी म्हटलं, "फोन कर आणि विचार." त्याने केला. अम्मी झोपली होती म्हणे, किंवा तसं सांगायला सांगितलं होतं.

सोमवारी तो जॅम चुकवायला पहाटेच उठला. मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होते. बाथरूमचं दार बंद झालं, शॉवर सुरू झाला, आणि लगेच भाईच्या तोंडून एक कोकणी शिवी निघाली, जी अब्बा गेल्यापासून या घरात कोणी दिली नव्हती. पाणी बंद झालं. मग दुसरा नळ. शिवी. मग हँडशॉवर. मग दार थोडंसं उघडलं. केसांत शांपू, गळ्यापर्यंत साबण, एक डोळा मिटलेला.

"सफू, थंड कुठल्या बाजूला आहे?"

"कुठल्याच नाही."

"अगं डोळ्यात गेलाय!"

"दिसतंय मला."

तो तसाच उभा राहिला. खांद्यावरचा फेस सुकायला लागला होता. कूलरची बाटली माझ्या हाताशी होती. मी ती उचलली नाही. मग त्याने टॉवेलने डोळा पुसला, ओल्या हाताने फोन घेतला आणि मुकादमाला लावला.

"मुझम्मिल, आज अल मजाजला यायचं. हां, माझ्या आईकडे. सीलिंग उघडायचं, पन्नास लिटरची टाकी बसवायची... नाही नाही, क्लायंट नंतर. दगड फुटला तर फुटू दे, यार! आज म्हणजे आज."

फोन ठेवून त्याने माझ्याकडे बघितलं. शाबासकीची वाट बघत असावा.

"लाइन दोन्ही नळांना जोडायला सांग," मी म्हटलं. "आणि पाणी निवायला रात्र जावी लागते. म्हणजे उद्या सकाळपर्यंत असाच राहशील."

चहा उकळला होता. मी एकच कप गाळला.