अळ्या मजेत आहेत

आमचे हे दूरच्या बंदरावर क्रेन चालवतात. जाताना माझ्या गळ्यात काय मारून गेले, तर अळ्या! परसातल्या चार कोंबड्यांना विकतचं खाद्य मानवत नाही म्हणे. माझ्या शिलाई मशीनखाली प्लास्टिकचे ट्रे, त्यात गव्हाचा कोंडा आणि कोंड्यात वळवळणाऱ्या पिवळ्या अळ्या. बाई गं! सुरुवातीला मशीनला पाय लावायचीच हिंमत होईना. गिऱ्हाइकांचे कपडे अडकून पडले.

फोनवर यांचं सुरू. "पाणी ठेवू नकोस, गाजराची चकती ठेव. अळ्यांचे कोष झाले की वेगळे काढ, नाहीतर आधीच्या कोषांतून निघालेले भुंगे खातात त्यांना." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! पण शिकले. कोंडा चाळायला माझी पिठाची चाळण गेली, ती गेलीच.

यांचा करार महिनाअखेर संपणार होता. साहेब म्हणत होता, अजून दोन वर्षं राहा. हे मला म्हणाले, "घरचं कसं चाललंय ते बघतो, मग ठरवतो." तेव्हाच मी ठरवलं, घरचं काही चालायचंच नाही. अळ्या मरू देत, कोंबड्या उपाशी ओरडू देत, पण माणूस घरी येऊ दे. ट्रेमध्ये मुद्दाम कोबीची ओली पानं कोंबली. बुरशी धरली की खेळ खलास.

संध्याकाळी डोकावले तर कोंडा दमट झालेला आणि त्या सगळ्या कोरड्या कडेला येऊन एकमेकींवर चढलेल्या. मला राहवेना. शिव्या घालत पानं उचलली, कोंडा बदलला. शेवटी जीव आहे हो तो, काय करणार!

रविवारी यांचा व्हिडिओ कॉल आला. "ट्रे दाखव बघू." भुंग्यांचा दाखवला, कोषांचा दाखवला. अळ्यांचा भरगच्च ट्रे उजेडात दिसावा म्हणून परसात नेला, तर चारही भवान्या धावत आल्या. एकेक कशी गुबगुबीत!

यांचा चेहरा असा फुलला! "अगं, माझ्यापेक्षा भारी सांभाळलंस तू. आता मला कसली काळजी नाही. उद्या सही करून टाकतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझं डोकंच फिरलं.

"खबरदार सही केलीत तर!" मी ओरडले. "अळ्या मजेत आहेत, कोंबड्या मजेत आहेत. मी नाहीये मजेत! मला विचारलंत कधी?"

कोंबड्या पायात घुटमळत होत्या.

मग हे हळूच म्हणाले, "पण मी येऊन करू काय तिथं? सगळं तर तूच करतेस."

एका हातात फोन, दुसऱ्या हातात ट्रे. डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"काही करू नका," मी म्हणाले. "मी शिवत असते ना, तेव्हा समोर नुसते बसा."