मोहिद्दीनची तेवीस पार्सलं

मक्केची उमरा यात्रा आटोपून मोहिद्दीन दम्मामच्या विमानतळाबाहेर आला तेव्हा त्याच्याबरोबर दोन अगडबंब बॅगा होत्या, आणि त्यातल्या एकीला सुकटीचा वास येत होता. हनीफने त्याला कडकडून मिठी मारली.

"एवढं काय आणलंस रे?"

"तुझं नाही काही. गाववाल्यांची पार्सलं. तेवीस आहेत. म्हटलं, तुझ्याकडे गाडी आहे."

म्हणजे ते सुके बोंबील मक्का-मदिना करून आले होते. खरं तर हनीफचं डोकं तिथेच फिरायला हवं होतं. पण तो खुशीत होता. ऐन उन्हाळ्यात एसी मेंटेनन्सच्या फोरमनला सुट्टी म्हणजे चेष्टा नव्हे. सुपरवायझरच्या नाकदुऱ्या काढून त्याने चार दिवस मिळवले होते, आणि ते उगाच नाही. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, आणखी दोन वर्षं वाढवायचा की फायनल एक्झिट घेऊन कायमचं गावी जायचं, याचं उत्तर त्याला रविवारी कंपनीत द्यायचं होतं.

बायको शरफुन्निसा म्हणाली होती, "तुम्ही ठरवाल ते." नातेवाइकांचा सल्ला दर फोनला बदलायचा. ज्याच्या शब्दावर हनीफ डोळे मिटून विश्वास ठेवील असा माणूस एकच, मोहिद्दीन. दोघांनी आयटीआय एकत्र केलं. हनीफ सौदीला आला, मोहिद्दीनने गावच्या बाजारात फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि बाणकोटची खाडी कधी सोडली नाही. हनीफच्या मनात होतं, परत जायचं, त्याच दुकानात दुसरी खुर्ची टाकायची, संध्याकाळी दोघांनी धक्क्यावर बसायचं. फक्त मोहिद्दीनने समोर बसून 'ये' म्हणायला हवं होतं.

पण तो बसेल तर ना!

पहिल्या दिवशी जुबैलची सहा घरं झाली. दुसऱ्या दिवशी अबकैक. एका घरातून दहा मिनिटांत सुटका होईल तर शपथ. "दोन घास खाऊन जा" म्हटलं की मोहिद्दीन मांडी घालायचा. मग कुणाच्या आईचा गुडघा, कुणाची विहीर, कुणाच्या पोरीचं लग्न, सगळं सविस्तर सांगायचा. वर नसत्या चौकशा. काम काय करता, व्हिसा देणारा कफील कसा आहे, कंपनी खोली देते का, रमजानमध्ये किती तास आधी सोडतात. हनीफ परक्या सोफ्यावर ड्रायव्हरसारखा बसून तिसऱ्यांदा चहा पीत राहायचा. हा माणूस लहानपणीही असाच चोंबडा होता, हे त्याला आत्ता आठवत होतं.

घरी वेगळीच तऱ्हा. लेकीची, निदाची, खोली पाहुण्याला दिलेली, ती हॉलमध्ये अभ्यास करत चरफडत होती. "अब्बा, अंकल कब जायेंगे?" हे ती रोज विचारायची, आणि दिवसेंदिवस आवाज चढवून. मोहिद्दीन खोलीचा एसी सोळावर लावून वर दोन ब्लँकेटं ओढायचा.

"एसी दुरुस्त करणारा माणूस ना हा?" शरफुन्निसाने विचारलं.

हनीफ संधी मिळेल तेव्हा विषय काढायचा. "मोहिद्दीन, मी परत यायचं म्हणतोय."

"बोलू रे, निवांत बोलू. आधी त्या उमैरचं लोणचं पोचवू, गळायला लागलंय."

शुक्रवारी नमाजनंतर शेवटचं पार्सल निघालं. त्यावर पत्ता होता खमीस मुशैतचा.

"जवळच असेल ना?"

"तेराशे किलोमीटर!" हनीफ कडाडला. "मेल्या, सुट्टी मी तुझ्यासाठी काढली होती, लोणच्या-पापडांसाठी नाही! चार दिवसांत माझ्याशी चार शब्द बोललास का?"

मोहिद्दीनने मान खाली घातली.

शनिवारी दुपारी हनीफ त्याला विमानतळावर सोडायला निघाला. अर्ध्या रस्त्यात हनीफनेच, नजर समोर ठेवून, शेवटचं विचारलं.

"उद्या उत्तर द्यायचंय मला. येऊ की नको?"

"ये," मोहिद्दीन म्हणाला. "जरूर ये. एकोणीस वर्षं झाली, किती तापशील त्या उन्हात?"

हनीफचा चार दिवसांचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. त्याने गाडी कडेला घेतली आणि मित्राचा हात धरला. "खरंच सांगतोस?"

"खरंच." मोहिद्दीनने दुसऱ्या हाताने खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्याचा बायोडाटा होता, वर कोपऱ्यात फोटो. "तू गेलास की तुझी जागा रिकामी होईल ना? साहेबांना माझं नाव सांग. बावीस घरी कामाची चौकशी केली रे, कुठेच जमलं नाही."

हनीफ त्या फोटोकडे बघत राहिला.

"आणि दुकान?"

"रमजानच्या आधीच बंद केलं. लोक आता कंपनीचा माणूस बोलावतात." तो खिडकीबाहेर पाहू लागला. "तू फोनवर येणार, येणार म्हणायचास, दुकानाचं बोलायचास. कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून टाळत होतो."

हनीफला ओरडायचं होतं. ओरडण्यासारखं भरपूर होतं. पण आवाज निघाला तो अगदी बारीक.

"मग मी तिथे कुणाकडे येऊ रे?"

मोहिद्दीनला प्रश्नच कळला नाही.

"कुणाकडे म्हणजे?" तो म्हणाला. "तुझं घर आहे की."